दुर्लक्षित वृत्त

सार्वजनिक दृष्टीने महत्त्वाचे असूनही प्रमुख वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी वाहिन्यांत ज्यास स्थान मिळत नाही, अथवा उशिरा, त्रोटक वा विपर्यस्त रूपात मिळते, अशा वृत्तास दुर्लक्षित वृत्त म्हणतात. शासनाने दडपलेल्या वृत्ताहून ते वेगळे होय. येथे कोणी बंदी घातलेली नसते. घटना पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक असते, परंतु पंचक्रोशीबाहेर पोहोचत नाही. अमेरिकेत कार्ल जेन्सन यांनी १९७६ मध्ये सोनोमा राज्य विद्यापीठात ‘प्रोजेक्ट सेन्सॉर्ड’ हा उपक्रम सुरू करून अशा वृत्तांची वार्षिक नोंद ठेवण्यास आरंभ केला.

मराठी पार्श्वभूमी

मराठीत या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, त्याचे नावच बोलके आहे. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्ध चरी येथील कुळांनी १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. जमिनी पडीक ठेवून त्यांनी उपासमार सोसली. या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढले. ज्यांची बाजू इतरत्र छापली जात नव्हती त्यांनी स्वतःचे पत्र काढावे, हा मार्ग मराठी मुलुखात असा वारंवार अवलंबिला गेला.

कारणे

नॉर्वेतील अभ्यासक योहान गाल्टुंग व मारी होल्म्बोए रूग यांनी १९६५ मध्ये वृत्तनिवडीचे निकष मांडले. त्यांतील पहिला निकष कालगतीचा आहे : जी घटना नियतकालिकाच्या प्रसिद्धीच्या तालात घडून संपते, ती वृत्त होण्याची शक्यता अधिक. अपघात एका दिवसात घडतो. कर्जबाजारीपणाला वर्षे लागतात. म्हणून मृत्यू छापला जातो आणि मृत्यूकडे नेणारी वाट छापली जात नाही. दुसरे कारण वार्ताहराच्या नेमणुकीचे. मंत्रालय, पोलीस, न्यायालय, क्रिकेट, चित्रपट यांसाठी स्वतंत्र वार्ताहर असतात. शेतमजुरीसाठी क्वचितच असतो. २००६ मध्ये मुंबईतील ‘लॅक्मे फॅशन वीक’साठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते आणि त्याच काळात विदर्भात कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करीत होते, ही विसंगती पत्रकार पी. साईनाथ यांनी निदर्शनास आणली. त्या सोहळ्यात सुती वस्त्रांचेच प्रदर्शन होते.

नोंदीच्या पद्धतीमुळेही वृत्त हरवते. सातबारावर नाव नसलेल्या स्त्रीने आत्महत्या केल्यास तिची गणना बहुधा शेतकरी म्हणून होत नाही. आकडाच नसेल तर मथळा कशाचा द्यावा?

ऊसतोड कामगार स्त्रिया

बीड जिल्ह्यातील लाखो मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी सुमारे सहा महिने पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि काम चुकले की ‘खाडा’ लागून पैसे कापले जातात. मासिक पाळी, बाळंतपण व आजारपण यांना या हिशेबात जागा नाही. कमी वयात गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रिया गावोगाव असूनही हा विषय राज्यभर गाजला तो २०१९ मध्ये. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हंगामात बीडच्या वार्ताहराला हे मजूर दिसत नाहीत. सांगली-कोल्हापूरच्या वार्ताहराला ते परजिल्ह्यातले वाटतात. दोन जिल्ह्यांच्या आवृत्त्यांमधील फटीत हे वृत्त पडून राहिले, असे म्हणता येईल.

खैरलांजी

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरच्या विजयादशमीला, धम्मदीक्षेच्या सुवर्ण महोत्सवासाठी लाखो अनुयायी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमले होते. हत्याकांडाची वार्ता काही तासांच्या अंतरावरून त्या समुदायापर्यंत पोहोचली नाही. सुरुवातीच्या त्रोटक बातम्यांत प्रकरणाला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला. जमिनीचा वाद व जातीय वैर त्याआड गेले. कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनंतर व नोव्हेंबरमधील निदर्शनांनंतर राष्ट्रीय माध्यमांनी दखल घेतली. तेव्हाही काही काळ बातमीचा विषय हत्येपेक्षा निदर्शनांतील जाळपोळ हाच राहिला. सप्टेंबर २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी सहा जणांची फाशी जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २५ वर्षांच्या कारावासात बदलली.

नवी मुंबई

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या क्षेत्रात आल्या. मोबदल्याबाबतचा असंतोष चौदा वर्षे धुमसत होता. मुंबईच्या वृत्तपत्रांना हा प्रश्न ठळकपणे दिसला तो १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडल्यावर. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील मूळचे जासईचेच. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. भूखंड हाती पडेपर्यंत अनेकांची पिढी उलटली, पण त्या प्रतीक्षेचे वृत्त क्वचितच झाले.

२०२१ मध्ये हाच प्रकार दिसला. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी २४ जून रोजी बेलापूरच्या सिडको भवनावर धडकलेल्या विराट आंदोलनास सर्व वाहिन्यांनी स्थान दिले. त्याच विमानतळासाठी विस्थापित झालेली दहा गावे, सपाट केलेली उलवे टेकडी आणि खाडीतील मासेमारीवर झालेला परिणाम हे विषय मात्र बहुतांशी स्थानिक पुरवण्यांपुरते राहिले. मूळ गावठाणांभोवती कुटुंबे वाढल्यावर गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न तर नोटिसा निघाल्या किंवा निवडणूक आली की मुख्य पानावर येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा धावपट्टीची लांबी व प्रवासीक्षमता यांचे तपशील सर्वत्र प्रसिद्ध झाले.

पर्यायी माध्यमे

डिसेंबर २०१४ मध्ये साईनाथ यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ सुरू केले. त्यातील मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. ऊसतोड मजूर, मच्छीमार व धनगर यांच्यावरील वृत्तान्त तेथे त्या त्या माणसांच्या बोलण्यासह वाचावयास मिळतात.