कॉज अँड इफेक्ट (दूरचित्रवाणी भाग)

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या पाचव्या हंगामातील अठरावा भाग. प्रथम प्रक्षेपण : 23 मार्च 1992. लेखक ब्रॅनन ब्रागा. दिग्दर्शक जॉनथन फ्रेक्स. मालिकेत रायकर या यानाधिकाऱ्याची भूमिकाही फ्रेक्स यांचीच. एकाच काळात पुनःपुन्हा अडकण्याच्या कल्पनेवर दूरचित्रवाणीसाठी रचलेल्या रहस्यकथांत हा भाग अग्रगण्य मानला जातो.

कथानक : शीर्षके पडद्यावर येण्याआधीच 'एंटरप्राइज' हे अंतराळयान स्फोटात नष्ट होते. त्यानंतर कथा पत्त्यांच्या डावापासून सुरू होते आणि पुन्हा त्याच स्फोटापाशी येऊन थांबते. टायफन एक्सपान्स या प्रदेशात काळात पडलेल्या विवरातून दुसरे यान अचानक समोर येते, टक्कर होते आणि काळ मागे फिरतो. यानावरील कोणालाही मागचे काही आठवत नाही, पण डॉ. बेव्हर्ली क्रशर यांना रात्री खोलीत कुजबुज ऐकू येते आणि हे सारे आधी घडून गेल्याचे भासू लागते. पुढे डेटा हा यंत्रमानव पत्ते वाटत असताना कोणता पत्ता पडणार हे खेळाडू आधीच सांगतात. क्रशर यांनी ध्वनिमुद्रित केलेली कुजबुज म्हणजे मागच्या फेऱ्यांतील त्यांच्याच सहकाऱ्यांचे आवाज, असे निष्पन्न होते.

उलगडा : पुढच्या फेरीला सावध करण्यासाठी डेटाच्या कृत्रिम मेंदूत एक छोटा संदेश पाठवला जातो. त्यानंतरच्या डावात पिसलेल्या पत्त्यांतून तिर्र्‍यांमागून तिर्र्‍या निघतात, उपकरणांवरही 3 हाच आकडा उमटतो. त्याचा अर्थ शेवटच्या क्षणी लागतो. टक्कर टाळण्यासाठी ट्रॅक्टर बीम या किरणझोताने समोरचे यान ढकलावे, असा डेटाचा सल्ला. शटल-बेमधील, म्हणजे छोटी याने ठेवण्याच्या कक्षातील, हवा एकदम बाहेर सोडून त्या धक्क्याने आपलेच यान हलवावे, असा रायकरचा. रायकरच्या गळपट्टीवर हुद्द्याच्या तीन खुणा आहेत. डेटा त्या पाहतो, रायकरचा मार्ग धरतो आणि यान वाचते. तोवर 17.4 दिवस उलटलेले असतात. समोरच्या 'बोझमन' यानाचा कप्तान मात्र अजून कितीतरी मागच्या 2278 सालातच आहे.

रचना व चित्रीकरण : रहस्यकथेत वाचकापासून जे सहसा दडवले जाते, तो शेवट येथे आरंभीच सांगितला आहे. प्रेक्षक पात्रांच्या पुढे असतो. ही माणसे स्मृतीविना सत्यापर्यंत कशी पोहोचणार, हीच त्याची उत्कंठा. प्रसंग तेच असल्याने त्यांतला बारीकसा फरकही पुरावा ठरतो. क्रशर यांच्या खोलीतला काचेचा पेला दर फेरीत फुटतो. एकदा त्या तो मुद्दाम दुसरीकडे ठेवतात, तरी फुटतोच. नियती किती घट्ट आहे, हे एवढ्यातून कळते. फ्रेक्स यांनी जुनेच चित्रीकरण पुन्हा न वापरता प्रत्येक फेरी निराळ्या कोनांतून चित्रित केली, त्यामुळे पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही.

कलावंत : पॅट्रिक स्ट्युअर्ट (पिकार्ड), गेट्स मॅकफॅडन (क्रशर), ब्रेंट स्पायनर (डेटा). 'बोझमन'च्या कप्तानाच्या छोट्या भूमिकेत केल्सी ग्रॅमर. या यानाला ब्रागा यांच्या मोंटाना राज्यातील जन्मगावाचे नाव आहे.

महत्त्व : कालचक्राची कल्पना जगभर लोकप्रिय करणारा 'ग्राउंडहॉग डे' हा चित्रपट 1993 मध्ये, म्हणजे या भागानंतर आला. 'द एक्स-फाइल्स' (1999) आणि 'स्टारगेट एसजी-1' (2000) या मालिकांनीही पुढे याच कल्पनेवर भाग रचले. चौकस निरीक्षण आणि सहकाऱ्यांवरचा विश्वास यांच्या बळावर कोडे सोडवणारी विज्ञानकथा म्हणून हा भाग अभ्यासण्याजोगा आहे.