सावड शाळांची

आमच्या सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघालं की लोक कॉलेजं मोजतात. पण अण्णांचं खरं काम डोंगरकपारीत आहे. सरकारी शाळा जिथं पोचली नव्हती, अशा वाड्यावस्त्यांवर त्यांनी 1938 पासून व्हॉलंटरी शाळा काढल्या. पहिली साताऱ्याजवळ यवतेश्वराला. पुढं ती संख्या 578 वर गेली. देवळात नाहीतर चावडीत पोरं बसायची, आणि बऱ्याच ठिकाणी मास्तर एकच.

अशा शाळा टिकल्या, कारण त्या एकट्या नव्हत्या. मास्तर घडवायला 1935 पासून साताऱ्यात रयतचं ट्रेनिंग कॉलेज होतं. शाळा लहान, पण घराणं मोठं. स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाकडं गेल्या. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आलं.

हीच गोष्ट 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानं कागदावर मांडली. मध्ये हायस्कूल धरा, भोवतालच्या शाळा त्याला जोडा, साहित्य आणि शिक्षकांचं ज्ञान वाटून वापरा. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच बाजूचे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करताना त्यांनी खेडं जवळून बघितलं होतं.

महाराष्ट्रात 1994 साली केंद्रप्रमुख नेमायचं ठरलं. दहाएक शाळांचं एक केंद्र. दोनशिक्षकी शाळेतला मास्तर गणितात अडला, तर त्याला विचारायला माणसं मिळाली. शिक्षण परिषदेला सगळे गुरुजी एकत्र बसू लागले. ज्या शाळेत कबड्डीचा एक संघ होत नव्हता, तिथली पोरंही केंद्राच्या स्पर्धेला जाऊ लागली.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दावणीला एकच बैल असला की आपण शेजाऱ्याशी सावड करतो. दोन दिवस त्याच्या रानात औत, दोन दिवस आपल्या. पण सावड केली म्हणून कुणी आपलं रान शेजाऱ्याच्या नावावर करून देत नाही.

2023 साली समूह शाळेची गोष्ट निघाली, तेव्हा नेमकी इथंच गाडी अडली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एका जागी आणायच्या. दाखला पानशेत नि तोरणमाळचा. तिथं वर्ग मोठे, सोयी चांगल्या, हे खरं. पण पहिलीतलं पोर ओढा ओलांडून रोज जाणार कसं? पावसाळ्यात गाडी आली नाही तर? पहिली घरी बसते ती पोरगी. शिक्षण हक्काच्या कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत मागितली, ती याचसाठी.

एकत्र काम करणं आणि एकत्र कोंबणं, यात फरक आहे. इंग्रजी शिकवणारा मास्तर आठवड्यातनं दोन दिवस तीन वाड्या फिरू शकतो. पुस्तकांची पेटी फिरू शकते. प्रयोगाचं सामान मोटारसायकलवर जातं. फिरायचं ते मोठ्या माणसांनी आणि सामानानं. सहा वर्षांच्या लेकराची शाळा त्याच्या उंबऱ्याजवळच पाहिजे.

वाडीतली शाळा गेली की पुढच्या वर्षी तरणं जोडपं बिऱ्हाड हलवतं. मागं म्हातारी माणसं नि कुलपं राहतात. म्हणून ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला, की पट किती एवढंच विचारू नका. तिला सोबत कुणाची आहे, तेही विचारा.