तुळजाराजांची पत

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यात १७७९ साली बांधलेलं एक चर्च आहे. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे: मरणशय्येवर श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री, आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे. मराठी पाहुण्याला हे पाहून बरं वाटतं. आपला राजा, कृतज्ञ राजा. मलाही वाटलं होतं. पुढे या पाद्र्याचं एक इंग्रजी पत्र मराठीत आणायला घेतलं आणि एका शब्दापाशी अडले.

साल १७८१. सरफोजी तेव्हा लहान मूल, गादीवर तुळजाराजे. हैदर अलीचं इंग्रजांशी युद्ध पेटलेलं, आणि राजे इंग्रजांच्या बाजूचे. सहा महिने राजधानी सोडून जवळजवळ सगळा तंजावर मुलूख हैदरच्या हाती होता. तमिळमध्ये त्या काळाला 'हैदर कलाबम्' म्हणतात. आपला कलाप म्हणजे मोराचा पिसारा. इथे त्याचा अर्थ दंगा, धूळधाण. देवसुद्धा जागचे हलले. मूळ कांचीची सोन्याची बंगारू कामाक्षी हैदरच्या भयाने तिरुवारूरहून तंजावरला आणली, असं सांगतात. बरोबर पुजाऱ्याचं कुटुंब आलं. त्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींत गणले गेलेले श्यामा शास्त्री.

देवी शहरात आली, पण भात येईना. कोटात इंग्रजांचे शिपाई भुकेने कोसळत होते, सकाळी रस्त्यांत प्रेतं दिसत. आणि हे कावेरीच्या काठी, जिथे भाताला कधी तोटा नव्हता! श्वार्ट्झ लिहितो की तेव्हाही खेड्यांत धान्य होतं. ते वाहून आणायला बैल नव्हते. का नव्हते? पूर्वी, बऱ्या दिवसांत, शेतकरी कोटात भात घेऊन येत, तेव्हा लोभी दुबाशांनी त्यांचे पैसे खाल्ले होते. म्हणून आता लोकांनी आपली गुरंच दूर हाकून दिली. दुबाश म्हणजे दुभाषे. माझ्याच धंद्याचे पूर्वज, त्यामुळे हे वाक्य मी जरा सावकाश उतरवलं.

राजांनी कारभाऱ्यांमार्फत हुकूम दिले, मग विनवण्या केल्या. कुणी हललं नाही. तेव्हा ते एका इंग्रज अंमलदाराला म्हणाले की तुमचं आणि माझं, दोघांचंही 'क्रेडिट' गेलं आहे. लोक श्वार्ट्झवर भरवसा ठेवतात का, पाहू या. मी आधी 'विश्वास' लिहिलं. मग 'अब्रू'. दोन्ही खोडले. सावकाराच्या वहीतला शब्द हवा होता: पत. १७७३ साली नवाब आणि कंपनीने मिळून तंजावर घेतलं, राजांना कैदेत टाकलं. १७७६ साली गादी परत मिळाली, ती कर्जासकट. अशा राजाच्या तोंडी दुसरा शब्द शोभत नाही. शिवाय त्या वाक्यात 'माझं' आहे. दोष एकट्या दुबाशांवर ढकलणं सोपं होतं. राजांनी तसं केलं नाही, हे मला मोठं वाटतं.

श्वार्ट्झला एक कोरा कागद पाठवण्यात आला: लोकांशी काय ठरवायचं ते तूच ठरव. एकदोन दिवसांत हजार बैल जमले. त्याचा एक धर्मोपदेशक आणि इतर ख्रिस्ती लोक जीव मुठीत धरून खेड्यांत गेले आणि थोड्याच काळात ८०,००० कलम धान्य कोटात आलं. (कलम हे तमिळ माप, बारा मरक्कालांचं.)

हे पत्र १७९४ सालचं आहे. लंडनच्या संसदेत मिशनऱ्यांवर टीका झाली, तिला उत्तर म्हणून श्वार्ट्झने ते लिहिलं. स्वतःची बाजू मांडणाऱ्याचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण धान्य आणणाऱ्यांचे पैसे चुकते केले आणि वर त्यांना लहानशी भेट दिली, हा तपशील त्याने आवर्जून नोंदवला आहे. तो मला खरा वाटतो. बैलवाल्यांना बाकी कशाशी देणंघेणं असणार?