हिमवादळानंतरचे शहर आणि कॅमेरा



आपल्या बेळगावात धुके पडते, बर्फ पडत नाही. तेव्हा हिमवादळावर बोलायला उभा राहिलेला हा होमिओपॅथीचा डॉक्टर आपणांस थोडा विचित्र वाटेल. निमित्त सांगतो. २०१६ च्या जानेवारीत मी लेकीकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेन गावी होतो. २३ तारखेला दिवसभर बर्फ पडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंचांची नोंद झाली; १८६९ पासूनच्या तिथल्या नोंदींत एवढा बर्फ एका वादळात कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. हडसन नदीच्या काठावरून मी पलीकडच्या मॅनहटनच्या उंच इमारतींची रांग टिपली. पाहतो तो काय, पांढराशुभ्र बर्फ मळक्या धोतरासारखा करडा आलेला!

कारण सोपे आहे. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ८० ते ९० भाग परत फेकतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मात्र समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, आणि एवढा उजेड दिसताच प्रकाश कमी घेतो. म्हणून बर्फ टिपताना त्याने ठरवल्याच्या दुप्पट, कधी चौपट प्रकाश द्यावा लागतो. लेकीने फोनवर बोट सरकवून ते करून दाखवले. मग मनात आले, ज्यांच्या हाती असा फोन नव्हता त्यांनी काय केले असेल? त्या कुतूहलापोटी वाचता वाचता मी १८८८ सालापर्यंत गेलो.

त्या वर्षी शनिवारी, १० मार्चला, न्यूयॉर्कमध्ये हवा उबदार होती. रविवारी पाऊस लागला आणि मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला. वादळ संपेपर्यंत शहरात सुमारे २१ इंच बर्फ पडला. वाऱ्याने रचलेले त्याचे ढीग काही ठिकाणी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना भिडले. खांबांवरून धावणाऱ्या आगगाड्या मध्येच अडकल्या आणि उतारूंना शिड्या लावून खाली उतरावे लागले. ईशान्य अमेरिकेत चारशेच्या वर माणसे दगावली, त्यांतली सुमारे दोनशे या एका शहरात.

छायाचित्रकारांच्या हाती तेव्हा जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या होत्या. पूर्वीच्या पद्धतीत काचेला जागेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. कोरडी काच पेटीत घालून कुठेही नेता येई. त्यामुळे बर्फ थांबताच छायाचित्रकार रस्त्यावर उतरले. त्यांना दिसलेले आकाश आजचे नव्हते. शहरातील सर्वांत उंच इमारत म्हणजे सुमारे २८० फुटी मनोऱ्याचे ट्रिनिटी चर्च. त्याला मागे टाकणारी इमारत १८९० साली उभी राहिली. बाकी आकाश व्यापले होते ते तार, टेलिफोन आणि विजेच्या तारांनी. रोजच्या सवयीने त्या कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हत्या. बर्फाने त्या खाली आणल्या, आणि फोटोंत कललेले खांब व लोंबणारी जाळी स्पष्ट उमटली. तारा जमिनीखाली न्याव्यात असा कायदा १८८४ सालीच झाला होता. कंपन्या चालढकल करीत होत्या. फोटोंमुळे तारा गेल्या असे मी म्हणणार नाही. १८८९ मध्ये तारांवर काम करणारा एक कामगार विजेच्या धक्क्याने भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत मेला, तेव्हा कुठे महापौरांनी खांब तोडायला लावले. पण आधी कायद्याच्या कागदावर होते ते संकट या फोटोंनी साऱ्यांना दाखवले होते.

त्याच वादळात रॉस्को कॉंकलिंग हे माजी सिनेटर वॉल स्ट्रीटवरून घरी निघाले. गाडीवाल्याने ५० डॉलर मागितले. वय ५८; रागाने पायीच निघाले. सुमारे तीन तास बर्फ तुडवून ते मॅडिसन चौकाजवळच्या आपल्या क्लबच्या दारात पोहोचले आणि कोसळले. पुढे न्यूमोनिया झाला, कानामागच्या हाडात पू झाला, शस्त्रक्रियाही झाली. पण १८ एप्रिलला ते गेले. प्रतिजैविके येण्यापूर्वीचा तो काळ.

आता आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. हा छायाचित्रकार जन्मला होबोकेनलाच, १८६४ साली. बर्लिनमध्ये तो हर्मान फोगेल यांच्याकडे रसायन शिकला. जुन्या काचांना मुख्यतः निळा प्रकाश समजे, त्यामुळे निळे आकाशही बर्फासारखे पांढरे येई आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जात. विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही समजावा, ही युक्ती फोगेल यांनी १८७३ साली शोधली होती. त्यांचा हा शिष्य २२ फेब्रुवारी १८९३ रोजी हिमवादळात फिफ्थ ॲव्हेन्यूवर हातातला कॅमेरा घेऊन तीन तास उभा राहिला आणि बर्फातून येणारी घोडागाडी त्याने टिपली. १९०३ मध्ये त्याने त्याच मॅडिसन चौकातून नवी फ्लॅटआयर्न इमारत टिपली. पुढे बर्फ लागलेले झाड, मागे पुसट, जहाजासारखी पुढे येणारी इमारत. बर्फाचा इतका शांत फोटो मी दुसरा पाहिलेला नाही.

दोघांचेही तीन तास आणि बर्फही तसाच. एकाच्या हाती कायमचे चित्र आले, दुसऱ्याचा जीव गेला. कॉंकलिंग मोठे होते म्हणून त्यांचा पुतळा १८९३ पासून त्या चौकात उभा आहे. बाकीच्या दोनशेंपैकी बहुतेकांचे नाव आपल्याला ठाऊक नाही आणि फोटोतही ते नाहीत. कारण फोटो घेतला जातो तो बहुतेकदा वादळ थांबल्यावर, आणि जो बाहेर पडू शकला त्याच्याकडूनच. रुग्ण जे सांगतो ते लिहून घेतल्यावर त्याने काय सांगितले नाही तेही विचारावे, हे आम्हाला शिकवले जाते. फोटोलाही मी आता तेच विचारतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण २०१९ च्या ऑगस्टमधील पुराचे फोटो आपणा सर्वांच्या फोनमध्ये आहेत. पाणी ओसरताना पुलावर उभे राहून काढलेले, बरेचसे देखणे. माझी एवढीच विनंती आहे की, त्यातले दोन-चार कागदावर छापून घ्या आणि मागे लिहून ठेवा: तारीख, जागा, पाणी कुठवर होते, आणि त्या पाण्यात कोणाचे घर होते. नातवंडांना चित्र दिसेलच. ते घर कोणाचे, हे मात्र आपण लिहिल्याशिवाय त्यांना कळणार नाही.