दिनविशेष : १३ मार्च
बिश्केक सीमा करार (२०२५)

किर्गिझस्तानचे अध्यक्ष सादिर जापारोव आणि ताजिकिस्तानचे अध्यक्ष इमोमाली रहमोन यांनी २०२५ मध्ये आजच्या दिवशी बिश्केक येथे सीमा करारावर सह्या केल्या. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यापासून सुमारे हजार किलोमीटरच्या या सीमेचा वाद चिघळत होता. मुळात ती एकाच राज्यसंघातली प्रशासकीय हद्द. त्यामुळे गावे, कुरणे, रस्ते, पाटबंधारे एकमेकांत गुंतलेले. त्यात दोन्ही देश वेगवेगळ्या काळचे सोव्हिएत नकाशे पुढे करत. ताजिकिस्तानचे वोरुख हे गाव तर चहूबाजूंनी किर्गिझ प्रदेशाने वेढलेले आहे.

भांडण बहुधा पाण्यावरून पेटे. एप्रिल २०२१ मध्ये इस्फारा नदीवरच्या गोलोव्नोय जलवितरण केंद्रापाशी ठिणगी पडली आणि दोन्हीकडची मिळून पन्नासहून अधिक माणसे दगावली. सीमेवरची नाकी बंद झाली. सप्टेंबर २०२२ च्या लढाईत बळींचा आकडा शंभरावर गेला, किर्गिझस्तानच्या बातकेन भागातून लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांची घरे जाळली, हे त्यातले सर्वांत क्लेशकारक.

इतक्या रक्तपातानंतर, तेही या भागात एरवी वजन असलेला रशिया युक्रेनमध्ये युद्धात गुंतलेला असताना, या दोन शेजाऱ्यांनी देवाणघेवाण करून रेषा ठरवली, याचे मोल मोठे आहे. करारात जमिनीच्या अदलाबदलीबरोबरच पाणी आणि रस्त्यांच्या वापराचीही तरतूद आहे. त्याच दिवशी दोन नाकी पुन्हा उघडली. ३१ मार्चला ताजिकिस्तानातील खुजंद येथे उझबेकिस्तानसह तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात, त्या बिंदूवरही शिक्कामोर्तब झाले.