रोंगेलापची मुले: किरणोत्सर्गाचा थायरॉईडवर परिणाम इतक्या उशिरा का दिसतो?

गळ्यात गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, "लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं का?" रुग्ण बुचकळ्यात पडतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आजच्या गाठीशी काय संबंध? हा संबंध वैद्यकशास्त्राला ज्या काही घटनांमधून कळला, त्यातली एक पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर घडली. ती समजून घेतली, की हा प्रश्न का विचारतात ते तुमच्या लक्षात येईल.

१ मार्च १९५४

त्या दिवशी पहाटे अमेरिकेने बिकिनी बेटावर 'ब्राव्हो' नावाच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अपेक्षेच्या जवळजवळ अडीचपट, म्हणजे १५ मेगाटनांचा झाला. दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावर रोंगेलाप नावाचे बेट आहे. तिथे त्या वेळी ६४ माणसे होती. काही तासांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी पडू लागली. ती स्फोटात जळून उडालेल्या प्रवाळाची किरणोत्सर्गी राख होती. लोकांना याची कल्पना नव्हती. मुले त्या राखेत खेळली. ती अन्नात पडली, पिण्याच्या पाण्यात मिसळली. उलट्या, अंगाची आग सुरू झाली. लोकांना बेटावरून हलवायला दोन दिवस लागले. पुढे अनेकांचे केस गळले, कातडी भाजल्यासारखी झाली.

काही महिन्यांत जखमा भरल्या, केस परत आले. १९५७ मध्ये बेट राहण्यायोग्य असल्याचे सांगून लोकांना परत नेण्यात आले. अमेरिकी डॉक्टरांचे पथक दरवर्षी येऊन तपासणी करत असे. सुरुवातीची काही वर्षे थायरॉईडबाबत काळजीचे काही दिसले नाही.

नऊ वर्षांनी पहिली गाठ

१९६३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या थायरॉईडमध्ये गाठ सापडली. स्फोटाच्या वेळी ती तीन वर्षांची होती. मग एकामागून एक मुलांमध्ये गाठी दिसू लागल्या. त्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या रोंगेलापच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉईडचा त्रास झाला. बहुतेक गाठी साध्या होत्या, काही कॅन्सरच्या निघाल्या. अनेकांवर शस्त्रक्रिया करावी लागली. स्फोटाच्या वेळी वर्षभराच्या असलेल्या दोन मुलांची थायरॉईड ग्रंथी जवळजवळ निकामी झाली आणि त्यांची उंची खुंटली. १९६५ पासून या लोकांना थायरॉईड हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा त्या मुलांची वाढ सुधारली.

त्या काळी थायरॉईडचे काम रक्तातल्या प्रथिनांशी जोडलेल्या आयोडीनवरून मोजत. या बेटवासीयांच्या रक्तात आयोडीनयुक्त प्रथिने मुळातच जास्त होती. त्यामुळे हार्मोन कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसत राहिला. पुढे टीएसएचची चाचणी आल्यावर खरी स्थिती कळली.

मुलांनाच जास्त त्रास का?

थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागते. ते साधे आहे की किरणोत्सर्गी, हे ग्रंथीला ओळखता येत नाही. दोन्ही ती सारखेच ओढून घेते. लहान मुलाची ग्रंथी अगदी छोटी असते. तेवढेच आयोडीन छोट्या जागेत साठले, की प्रत्येक पेशीला बसणारा मारा कितीतरी वाढतो. शिवाय वाढत्या वयात पेशींचे विभाजन सुरू असते, म्हणून बिघाड पुढच्या पेशींमध्ये जातो.

किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ संपते. पेशीच्या आत झालेला बिघाड मात्र तसाच राहतो. त्याची गाठ व्हायला कित्येक वर्षे जातात.

१९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर मुलांच्या शरीरात हे आयोडीन मुख्यतः दुधातून गेले. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडीन पाजले. ग्रंथी आधीच भरलेली असली, की किरणोत्सर्गी आयोडीनला तिथे फारशी जागा उरत नाही. पण हे औषध वेळेवर आणि सरकारी सूचनेनुसारच घ्यायचे असते. मनाने घेऊ नका.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- लहानपणी कॅन्सरसाठी किंवा अन्य कारणाने डोके, मान वा छातीला रेडिएशन मिळाले असेल, तर डॉक्टरांना न विचारता सांगा. त्याची जुनी फाईल जपून ठेवा.
- अशा व्यक्तीचा एकच रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तपासणी थांबवू नये. मानेची तपासणी आणि टीएसएच डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने आयुष्यभर करावी.
- दाताचा किंवा छातीचा एक्स-रे काढला म्हणून घाबरू नका. त्यातला डोस फार कमी असतो.
- गाठ म्हणजे कॅन्सरच, असे नाही. आणि थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर वेळेवर उपचार केल्यास बरे होतात.

रोंगेलापच्या लोकांनी किरणोत्सर्गाच्या भीतीने १९८५ मध्ये पुन्हा बेट सोडले. आपल्यावर उपचार कमी आणि अभ्यास जास्त झाला, अशी त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार होती. आज रेडिएशन घेतलेल्या मुलांची थायरॉईड तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवतात, त्यामागच्या ज्ञानातला मोठा वाटा त्यांच्या त्रासातून आला आहे.