सही कोणाची, निर्णय कोणाचा?

मंडळी, आपल्या अकोटात कुठल्याही दवाखान्यात बसा, एक वाक्य कानावर येतंच. "डाक्टरसाहेब, तुमाले जे बरं वाटते ते करा." विश्वासाचं वाक्य आहे, मी त्याला हसत नाही. पण डॉक्टर आणि रुग्णाने मिळून उपचार ठरवावा असं आज म्हणतात, तेव्हा आधी या वाक्याशी गाठ पडते. त्यासाठी दोन खटले सांगतो.

पहिला आपल्या महाराष्ट्रातला. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर गोडबोले नावाच्या वीसएक वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने त्याला पुण्याला आणलं. वडील स्वतः डॉक्टर, हे लक्षात ठेवा. पुरेशी भूल न देता पाय ओढून हाड बसवलं गेलं, असं न्यायालयांनी पुराव्यावरून मानलं. मुलगा त्याच रात्री गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ चा, डॉक्टरांच्या विरुद्ध. भरपाई ३००० रुपये. त्यात डॉक्टरची कर्तव्यं सांगितली आहेत: रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हीत काळजी घ्यायची. चांगलंच आहे की! पण रोग्याला विचारायचं, हे त्या तिन्हीत नाही. ठरवणारा एकटा डॉक्टरच.

(१९७६ साली तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो.)

दुसरा खटला दिल्लीचा. १९९५ साली समीरा कोहली, वय ४४, यांनी दुर्बिणीने फक्त तपासणी करायला होकार दिला होता. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. २००८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईचा होकार हा तिचा होकार नव्हे. उपचाराचे फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल, हे सांगणं बंधनकारक ठरलं. मात्र किती सांगायचं, याचं माप वैद्यकीय व्यवसायाच्या रूढीकडेच राहिलं. मला ही त्या निकालातली मोठी उणीव वाटते.

आता पोपटखेडच्या वाटेने सातपुड्यातून खाली आलेली कोरकू बाई डोळ्यांपुढे आणा. फॉर्म मराठीत. तिची कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली. "घरी इचारून सांगतो" म्हणाली, की आपण "ऐकत नाही" असा शेरा मारतो. ती तर निर्णयच घेत असते, तिच्या रीतीने; त्यात सासू असते, कधी भुमकाही असतो. घाई नसेल तर तिला दोन दिवस द्या. कोरकू बोलणारी आशाताई सोबत बसवा. ऑपरेशन, गोळ्या, नुसतं थांबणं, तिन्ही सांगा, आणि मग तिलाच म्हणा, "बाई, तुला काय समजलं ते सांग." पाच-दहा मिनिटं लागतील. ओपीडीची रांग मला माहीत आहे, तरी.

गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. पन्नासहून अधिक वर्षं झाली. तरी टेबलापलीकडून पहिला प्रश्न अजून येतो: "नवरा कुठं आहे?"